विमानांतील साक्षीदार आणि आमचें युद्धवाङ्मय

मराठी वाङ्मयाला युद्ध हा विषय नवा नाहीं. बखरी आणि पोवाडे यांच्या पायावरच आमच्या गद्यपद्याची निम्मी इमारत उभी आहे, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. परंतु या साऱ्या वाङ्मयांत वीर ओळखावयाचा तो त्याच्या हातांतील शस्त्रावरून. ज्याच्या हातीं शस्त्रच नाहीं, ज्याला शत्रूवर एकही गोळी झाडावयाची नाहीं, ज्यानें शत्रूच्या मुलखावर जाऊन केवळ पाहावयाचें आणि पाहिलेलें सुखरूप परत आणावयाचें, अशा योद्ध्याचें आसन आमच्या वाङ्मयांत कोठें मांडावयाचें, हा प्रश्न आमच्या टीकाकारांना फारसा पडलेला दिसत नाहीं. विमानांतून छायाचित्रें घेणारा टेहळ्या हा असा योद्धा होय. यंदाच्या पावसाळ्यांत या विषयावरील दोन परदेशी ग्रंथ आम्हीं पुन्हां वाचले, आणि त्यांच्या जोडीला आपल्या हवाई दलांतील एका थोर वैमानिकाच्या मुलाखतीही वाचल्या. या वाचनामागें आमच्या एका जुन्या चुकीची टोचणी होती. ती कोणती, तें ओघानें पुढें येईलच.

प्रथम हें काम कसें चालतें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण कामाचें स्वरूप कळल्यावांचून त्यांतून निघणाऱ्या वाङ्मयाचें स्वरूप कळणार नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं ब्रिटिश हवाई दलांत एक उफराटा विचार रुजविला. टेहळणीच्या विमानानें लढण्याच्या भानगडींत पडूंच नये, असा तो विचार. त्यांनीं स्पिटफायर विमानांतील मशीनगन काढून टाकिल्या, त्यांच्या ऐवजीं कॅमेरे आणि जादा पेट्रोल घेतलें, विमानाचें अंग घासून गुळगुळीत केलें, आणि आकाशांत मिसळून जाईल असा फिकट रंग त्याला दिला. मग वैमानिकाला संरक्षण कशाचें? तर उंचीचें, वेगाचें आणि एकटेपणाचें.

आतां छायाचित्राचें गणित पाहा. ३६ इंच नाभ्यंतराचें भिंग घेऊन ३६,००० फुटांवरून चित्र काढिलें, तर भूमि आणि चित्र यांचें प्रमाण १२,००० ला १ असें पडतें. म्हणजे हजार फूट लांबीची धावपट्टी चित्रांत एक इंच भरते. लागोपाठच्या दोन चित्रांत सुमारें साठ टक्के भाग सामाईक येईल अशा बेतानें कॅमेरा चालतो. हीं दोन चित्रें शेजारीं ठेवून स्टिरिओस्कोप या दुहेरी भिंगांतून पाहिलीं, कीं सपाट कागदांतून टेकड्या, धुरांडीं आणि पूल उभे राहतात. मात्र त्यासाठीं वैमानिकानें आपलें विमान सरळ रेषेंत, एकाच उंचीवर, तोल न ढळूं देतां चालविलें पाहिजे. खालून तोफा सुटत असतां जीव घेऊन वांकडें पळावें, ही देहाची स्वाभाविक प्रेरणा. आणि त्याच क्षणीं सरळ जावें, ही कामाची आज्ञा. या कामांतील शौर्य असें आहे. तें दिसत नाहीं, आणि दिसत नाहीं म्हणूनच तें सांगणें कठीण आहे.

हा केवळ युरोपांतील मामला होता असें कोणीं समजूं नये. १९४३ सालीं हिंदुस्थानांत ६८१ आणि ६८४ या क्रमांकांचे दोन टेहळणी स्क्वाड्रन सिद्ध झाले, आणि कलकत्त्याच्या परिसरांतून त्यांचीं स्पिटफायर व मॉस्किटो विमानें जपान्यांच्या ताब्यांतील ब्रह्मदेशावर जाऊं लागलीं. मॉस्किटो तर लांकडी विमान. आपल्या उष्ण, दमट हवेंत त्याचे सांधे सुटल्याच्या तक्रारी १९४४ मध्यें निघाल्या. हिंदी हवाई दलाचा ६ क्रमांकाचा स्क्वाड्रन मेहरसिंग यांच्या हाताखालीं हरिकेन विमानें घेऊन आराकानच्या रानांवर टेहळणी करीत होता, आणि चौदाव्या सैन्याचे डोळे असा त्याचा लौकिक झाला होता. म्हणजे डोळे आमचेही होते. त्या डोळ्यांनीं पाहिलेलें मराठींत किती उतरलें, हा आमचा प्रश्न आहे.

वर म्हटलेल्या दोन ग्रंथांपैकीं पहिला कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ या बाईंचा, 'एव्हिडन्स इन कॅमेरा' हा. तो १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. बाई स्वतः विमान चालवीत नव्हत्या. थेम्सकांठच्या मेडमेनम येथील हवेलींत बसून त्या परत आलेलीं चित्रें वाचीत. १९४३ च्या अखेरीस पेनेमुंडे येथील चित्रांत एका उतरत्या धांवमार्गावर एक चिमुकलें, क्रॉसाच्या आकाराचें विमान त्यांनीं हेरलें. पुढें लंडनवर कोसळलेल्या वैमानिकरहित उडत्या बॉंबची ती ओळख ठरली. या ग्रंथाचा मोठा गुण म्हणजे काम आणि कामाची शिस्त यांविषयींचा आदर. चित्रांचें वाचन तीन टप्प्यांनीं होई: पहिला तांतडीचा, दुसरा दिवसभरांतील, तिसरा तज्ज्ञांचा सावकाश. हे टप्पे वर्णितांना लेखिकेची शैली त्या कामाइतकीच नेटकी होते. ती कोठेंही आवाज चढवीत नाहीं. विमानाची ओळख सांवलीवरून कशी पटते, रुळलेली पायवाट गवतांत कशी उजळ दिसते, हें वाचतांना पाहणें हीसुद्धां एक विद्या आहे याची खूण वाचकाला पटते.

परंतु या ग्रंथाची मर्यादाही येथेंच आहे. ज्यांनीं तीं चित्रें आणिलीं ते वैमानिक येथें बरेच वेळां टपालवाल्यासारखे येतात आणि जातात. दुसरें असें कीं, चित्रांत ज्या इमारती ओळखल्या त्यांत माणसें होतीं, आणि ओळख पटल्यावर त्या इमारतींचें काय व्हावयाचें तें ठरलेलें होतें. या जाणिवेची सांवली पुस्तकावर जितकी पडावयास हवी होती तितकी पडत नाहीं. सांवल्या वाचण्यांत आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें घालविलेल्या लेखिकेनें ही एक सांवली मात्र हलकेच ओलांडली, असें आम्हांस वाटतें.

दुसरा ग्रंथ आंत्वान द सँतेक्झुपेरी या फ्रेंच लेखकाचा, 'पिलोत द गेर'. १९४२ सालीं न्यूयॉर्क येथें तो प्रसिद्ध झाला, आणि 'फ्लाइट टू आरास' या नांवानें इंग्रजींत आला. जर्मनांच्या अमलाखालील फ्रान्समध्यें तो थोड्याच काळांत बंद पाडण्यांत आला. कथानक एका उड्डाणाएवढें. १९४० च्या मे महिन्यांत फ्रान्स कोसळत असतां आरास शहरावर टेहळणीस जाण्याचा हुकूम येतो. लेखकाच्या पथकांतील तेवीस विमानचमूंपैकीं सतरा तीन आठवड्यांत नाहींसे झालेले आहेत. त्याहून विदारक गोष्ट ही कीं, आणलेली बातमी आतां कोणाच्याही उपयोगी पडणार नाहीं, हें जाणाऱ्याला व पाठविणाऱ्याला दोघांनाही ठाऊक आहे. तारा तुटल्या आहेत, सेनापतींचे मुक्काम हलले आहेत, रस्ते निर्वासितांनीं भरले आहेत. बातमी द्यावयाची तरी कोणाला?

या एका प्रश्नांतून सँतेक्झुपेरीनें जें उभें केलें आहे तें टेहळणीच्या वाङ्मयांत अद्वितीय आहे. निरर्थक ठरलेलें कर्तव्य माणूस कां करतो, याचा शोध तो घेतो. मात्र उत्तरार्धांत चिंतन कथेवर कुरघोडी करतें, मानवधर्माविषयीं पानेंच्या पानें येतात आणि विमान जणूं कोठें तरी मागें राहतें, हा दोष आम्ही झांकणार नाहीं. पूर्वार्धांत गोठलेलीं उपकरणें आणि प्राणवायूची नळी यांच्या वर्णनांत जें तत्त्वज्ञान आपोआप होतें, तें उत्तरार्धांत हात उंचावून सांगावें लागतें. तथापि लेखकाच्या पुढील चरित्रानें या पानांना वेगळेंच वजन आलें. ३१ जुलै १९४४ रोजीं कॉर्सिकाहून एकटाच टेहळणीस गेलेला सँतेक्झुपेरी परतला नाहीं. मार्सेयजवळच्या समुद्रांत सांपडलेल्या त्याच्या विमानाच्या अवशेषांची ओळख पटण्यास २००४ साल उजाडावें लागलें. चरित्रानें ग्रंथाचे दोष नाहींसे होत नाहींत. पण लेखकानें शब्दाची किंमत भरली होती एवढें त्यावरून कळतें.

आतां आपल्या घरीं येऊं. विंग कमांडर जगमोहन नाथ हे हवाई दलाच्या १०६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधील वैमानिक. कॅनबेरा विमानांतून तिबेट व अक्साई चीनवर केलेल्या टेहळणीबद्दल १९६२ च्या सुमारास त्यांना महावीरचक्र मिळालें, आणि १९६५ च्या युद्धांत पाकिस्तानवर केलेल्या उड्डाणांबद्दल तेंच पदक दुसऱ्यांदा मिळालें. महावीरचक्राचा असा दुहेरी मान फार थोड्यांच्या वांट्यास आला; अलिबागेस जन्मलेले जनरल अरुणकुमार वैद्य हे त्यांतील दुसरे. वैद्यांचें नांव आमच्या जिल्ह्यांत लहान मुलालाही ठाऊक असतें. रणगाड्यांचें युद्ध पोवाड्याच्या सांच्यांत बसतें. नाथांचें कर्तृत्व त्या सांच्यांत बसत नाहीं, कारण त्यांनीं शत्रूचें कांहीं मोडलें नाहीं. त्यांनीं शत्रूकडे काय आहे तें दाखविलें.

आणि दाखविल्यावर काय झालें? १९६२ सालीं आमच्या हवाई दलाचा उपयोग वाहतूक व टेहळणी यांपुरताच झाला. प्रत्यक्ष हल्ल्यासाठीं त्याला पाठविण्यांत आलें नाहीं. उतारवयांत दिलेल्या मुलाखतींत नाथांनीं याविषयींची खंत स्पष्ट बोलून दाखविली आहे. आपल्याला वर कोणीं अडविलें नाहीं, यावरून विमानदल वापरतां आलें असतें, असें त्यांचें म्हणणें. हा निष्कर्ष युद्धशास्त्राच्या कसोटीवर कितपत उतरतो, हें ठरविण्याचा अधिकार आमचा नव्हे. अडविलें न जाणें म्हणजे शत्रु दुबळा असणेंच नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल, तर त्यालाही उत्तर द्यावें लागेल. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीनें पाहतां सँतेक्झुपेरीचा प्रश्न येथें उलटा होऊन उभा राहतो. तेथें बातमी घेणारा कोणी उरला नव्हता; येथें घेणारे होते, आणि तरी पाहिलेल्याचें वजन निर्णयाच्या पारड्यांत पुरतें पडलें नाहीं, असें पाहणाऱ्याला वाटत राहिलें. या शल्यावर एक थोर ग्रंथ उभा राहूं शकतो. मुलाखत हा त्याचा कच्चा माल होय, ग्रंथ नव्हे. मुलाखतकार विचारतात, चूक कोणाची, भीति वाटली कां, पंतप्रधान काय म्हणाले. पहांटेच्या उजेडांत तिबेटच्या पठारावर लष्करी वाहनांच्या सांवल्या कशा दिसल्या, परत आल्यावर चित्रांची फीत धुतली जाईपर्यंतचा वेळ कसा गेला, हें कोणी विचारीत नाहीं. जें विचारलें नाहीं तें सांगितलें जात नाहीं, आणि जें सांगितलें नाहीं तें माणसाबरोबर जातें.

आम्ही ज्या भागांत राहतों तेथें तर या विषयाची आठवण पावलोपावलीं होते. खालापूर तालुक्यांतील चावणी गांवाजवळ उंबरखिंड आहे. १६६१ च्या फेब्रुवारींत शायिस्तेखानानें पाठविलेला कारतलबखान कुरवंड्याच्या घांटानें फौज घेऊन खालीं उतरला, आणि दाट झाडींनें वेढलेल्या या अरुंद खिंडींत शिवाजीमहाराजांनीं त्याला असा कोंडला कीं, खंडणी देऊन व अभय मागून त्याला निघून जावें लागलें. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त हा प्रसंग विस्तारानें आला आहे. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन त्या ठिकाणीं जातों तेव्हां एक प्रश्न हटकून विचारतों: या लढाईंतील पहिला वीर कोण? मुलें महाराजांचें नांव घेतात, आणि तें योग्यच आहे. मग आम्ही वर नागफणीच्या कड्याकडे बोट दाखवितों. कोणी तरी उंचावरून पाहिलें असेल, फौज कोणत्या वाटेनें उतरते, किती पाणी जवळ बाळगते, मागची तुकडी पुढच्या तुकडीपासून किती अंतरावर आहे. आणि तें पाहिलेलें वेळेवर खालीं पोंचविलें असेल. त्याशिवाय असा कोंडमारा साधत नाहीं. परमानंदानें खानाच्या सैन्याची तहान वर्णिली; कड्यावरच्या टेहळ्याला मात्र त्याच्या काव्यांत चेहरा नाहीं. परंपरा जुनी आहे ती अशी.

येथें एक सरळ आक्षेप येईल, आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. दुसऱ्या महायुद्धांतील हिंदी वैमानिक ज्या झेंड्याखालीं लढले तो आमचा नव्हता. आमच्या कर्जत तालुक्यानें तर त्याच वर्षांत दुसरेंच युद्ध पाहिलें. माथेरानचे भाई कोतवाल यांचा आझाद दस्ता १९४२ च्या अखेरीस याच डोंगरांत वावरत होता. खोपोलीच्या १९१५ च्या आणि भिवपुरीच्या १९२२ च्या वीजगृहांतून मुंबईच्या गिरण्यांकडे जाणारी वीज वाहणारे मनोरे त्यांनीं पाडले. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलें. ज्या तालुक्यानें असें मरण जवळून पाहिलें, त्यानें सरकारी गणवेशांतील माणसाला त्याच्या आठवणी विचाराव्या, ही अपेक्षा त्या काळीं करणें वेडेपणाचें ठरलें असतें. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तो इतिहासाचा भाग आहे, आणि त्यामागची निष्ठा खरी आहे.

परंतु त्या काळीं जें स्वाभाविक होतें तें आज आळसाचें लक्षण होऊं लागलें आहे. साक्षीदाराची किंमत तो कोणत्या बाजूला उभा होता यावर ठरत नाहीं. त्यानें काय पाहिलें आणि तें किती खरें सांगितलें यावर ठरते. शिवाय १९४७ नंतरच्या युद्धांतील टेहळ्यांना तर हा आक्षेप लागूच नाहीं, आणि तरीही त्यांची साक्ष आम्हीं नोंदविली नाहीं. तेव्हां दोष केवळ झेंड्याचा नव्हे. वाङ्मय कशाला म्हणावयाचें याविषयींच्या आमच्या कल्पनेचाही आहे.

आणि येथेंच आमच्या चुकीची कबुली द्यावयाची आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वीं, आम्ही नुकतेच प्राध्यापक झालों होतों तेव्हां, खालापूर तालुक्यांतील एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे एक वही घेऊन आले. हवाई दलाच्या छायाचित्र विभागांत त्यांनीं नोकरी केली होती. १९६५ आणि १९७१ हीं दोन्ही युद्धें त्यांनीं डार्करूममध्यें काढिलीं होतीं. त्यांनीं वही पुढें केली आणि म्हणाले, "सर, जरा नजर घाला. छापण्याजोगें आहे कां सांगा." वहींत काय होतें? तारखा. विमान परत आल्याची वेळ. फितींची संख्या. धुण्याच्या पाण्याची उष्णता. कोठें 'फीत अडकली', कोठें 'ढग, कांहीं नाहीं'. एके ठिकाणीं विमानाची सुटण्याची वेळ लिहून परत येण्याची जागा मोकळी सोडली होती. आम्हीं ती वही एका रात्रींत चाळली, आणि दुसऱ्या दिवशीं मोठ्या आढ्यतेनें म्हणालों, "काका, यांत माहिती आहे, पण वाङ्मय नाहीं. तुम्हांला त्या वेळीं काय वाटलें तें लिहा." "बरं सर," एवढेंच म्हणून ते गेले. पुन्हां आले नाहींत. कांहीं वर्षांनीं ते वारल्याचें कळलें. त्यांच्या घरीं गेलों, तेव्हां मुलानें सांगितलें कीं, वडिलांचे कागद पावसाळ्यांत भिजले म्हणून टाकून दिले.

ती मोकळी सोडलेली जागा आज आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. 'काय वाटलें' याचें उत्तर त्या गृहस्थांनीं तेथें लिहिलें होतें. वाचतां आलें नाहीं तें आम्हांला. मेडमेनमच्या बाईंनीं गवतांतील उजळ पायवाटेवरून माणसांचा वावर ओळखला; आणि साहित्याचे पदवीधर म्हणविणाऱ्या आम्हांला एका कोऱ्या जागेवरून परत न आलेला माणूस ओळखतां आला नाहीं.

या अनुभवावरून टेहळणीच्या वाङ्मयाला लावावयाच्या तीन कसोट्या आम्हांस सुचतात. पहिली, नेमकेपणाची. उंची, वेळ, हवामान, यंत्राचा हट्ट, हे तपशील या वाङ्मयाचा अलंकार नव्हेत, देह आहेत. ते गाळून भावना मागणें म्हणजे हाडें काढून चेहरा मागणें होय. दुसरी, खालच्या माणसाची जाणीव. चित्रांत मुंगीएवढ्याही न दिसणाऱ्या माणसाला लेखक विसरतो कीं नाहीं, हें पाहावें. या कसोटीवर बॅबिंग्टन स्मिथ किंचित् कमी पडतात आणि निर्वासितांच्या रांगा पाहणारा सँतेक्झुपेरी पूर्ण उतरतो. तिसरी, न कळल्याची कबुली. टेहळ्याला आपल्या चित्राचें पुढें काय झालें तें बहुधा कळत नाहीं. ज्याच्या लिखाणांत सारें कळल्याचा आव असेल तो मागाहून रचलेला समजावा.

युद्धें संपलीं तरी तीं पाहणारांचे कागद कांहीं काळ घरांत राहतात. कर्जत, खालापूर, खोपोलीकडे सैन्यांत आणि हवाई दलांत गेलेल्यांचीं घरें थोडीं नाहींत. त्या घरांतील ट्रंकांत एखादी उड्डाणांची वही, एखादा धूसर झालेला फोटो, तारखांची एखादी यादी अजून असेल. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या दृष्टीस ती पडली, तर त्यांनीं ती आहे तशी जपावी, शुद्धलेखनही दुरुस्त करूं नये, आणि लिहिणारा हयात असेल तर त्याच्यापाशीं बसून प्रत्येक ओळीचा अर्थ विचारून घ्यावा. आणि एखाद्या प्राध्यापकानें 'यांत वाङ्मय नाहीं' असें सांगितलें, तर त्याचें ऐकूं नये.